कर्सर नेमका कुठं आहे?

प्रश्न : ताई, मी सेलूत तहसीलजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला आहे. दिवसाला सात-आठ भाडेकरार आणि एखाद-दुसरा खरेदीखताचा मसुदा निघतो. रोज तेच ते नको म्हणून वर्डमध्ये मॅक्रो (एकदा टिपून ठेवलेली कामं पुन्हा आपोआप करून घ्यायची सोय) रेकॉर्ड केला : पुढची टिंबटिंब शोधायची, तिथं मजकूर टाकायचा, टॅब मारून पुढं सरकायचं. साध्या परिच्छेदात तो बरोबर चालतो. पण चतुःसीमेच्या तक्त्यात कर्सर असला की एका रकान्याचा मजकूर दुसऱ्यात जातो आणि साक्षीदारांच्या तक्त्यात आपोआप तिसरी रिकामी ओळ तयार होते. मग मैत्रिणीनं ‘फाईल संपेपर्यंत चालू ठेव’ अशी ओळ लिहून दिली : डू व्हाइल सिलेक्शन.एंड < ॲक्टिव्हडॉक्युमेंट.कंटेंट.एंड. ती घातल्यापासून वर्ड अडकूनच पडतं, बंद करावं लागतं. कर्सर कुठं आहे हे मॅक्रोला कळतं का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : कळतं, पण विचारलं तर. तुमच्या मॅक्रोनं कुठंच विचारलेलं नाही, म्हणून तो अंधारात चालल्यासारखा चालतो आहे.

रेकॉर्डर आपल्या बोटांची हालचाल टिपून घेतो. टॅब मारताना तुम्ही आधी पडद्यावर बघता, ‘हा तक्ता आहे, हा शेवटचा रकाना आहे, आता टॅब नको’ असं मनात ठरवता. ते बघणं आणि ठरवणं रेकॉर्डरला दिसत नाही. तेवढा भाग आपल्यालाच हातानं लिहावा लागतो.

मी अंबाजोगाईत टायपिंगचा वर्ग चालवते. वर्ग सुरू केला तेव्हा दहा मशीनं होती, सहा मराठी आणि चार इंग्रजी. त्या मशीनला पडदा नव्हता, पण आपण ओळीत कुठं आहोत हे ते सतत सांगायचं. कागदामागच्या पट्टीवर आकडे असायचे आणि उजवं मार्जिन जवळ आलं की घंटी वाजायची. चांगली मुलगी कागदाकडं न बघता घंटीवर ओळ तोडायची. वर्गात दहा मशीनं एकदम चालू असली तरी आपली घंटी कुठली आणि शेजारणीची कुठली हे तिला बरोबर कळायचं. संगणकावर आल्यावर मला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते या घंटीविना. मॅक्रोत आपण जी तपासणीची ओळ लिहितो ना, तिला मी अजूनही मनात घंटीच म्हणते.

आधी ती ऐकायला शिका. ऑल्ट आणि एफ-११ एकत्र दाबलं की मॅक्रो लिहायची खिडकी उघडते. तिथं ‘कुठे’ नावाचा छोटा मॅक्रो करा. मी इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिते आहे. तुम्ही मात्र नाव, कोड, आकडे सगळं इंग्रजी अक्षरांतच टाईप करा, कारण त्या खिडकीला दुसरी लिपी कळत नाही.

सब कुठे()
एमएसजीबॉक्स सिलेक्शन.इन्फर्मेशन(३) & " / " & सिलेक्शन.इन्फर्मेशन(१०) & " / " & सिलेक्शन.इन्फर्मेशन(१२)
एंड सब

आता करारनाम्यात एखाद्या परिच्छेदात कर्सर ठेवा, ऑल्ट-एफ-८ दाबून हा मॅक्रो चालवा. ‘२ / १४ / फॉल्स’ असं काहीतरी येईल. दुसरं पान, चौदावी ओळ, तक्त्यात नाही. मग चतुःसीमेच्या तक्त्यात, ‘पूर्वेस’च्या पुढच्या रकान्यात जाऊन पुन्हा चालवा. शेवटचा शब्द आता ट्रू झालेला दिसेल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

इन्फर्मेशनच्या कंसातले आकडे एका चिठ्ठीवर लिहून पडद्याशेजारी चिकटवून ठेवा. ३ म्हणजे कर्सर कितव्या पानावर आहे. १ म्हणजे तेच, पण तुम्ही पानांचे क्रमांक मधूनच सुरू केले असतील तर छापला जाणारा आकडा. १० म्हणजे त्या पानावरची ओळ. १२ म्हणजे तक्त्यात आहे की नाही. १३ म्हणजे तक्त्यातली आडवी ओळ आणि १६ म्हणजे उभा रकाना. ६ लिहिलं तर पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर पॉइंटांत मिळतं, आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. हा ६ तुमच्या फार कामाचा आहे. मुद्रांकाच्या कागदावर वरचा भाग कोरा सोडावा लागतो, तिथं कर्सर चुकून वर तर नाही ना, हे यानं तपासता येतं. उत्तर उणे १ आलं तर घाबरू नका. ती जागा त्या वेळी खिडकीत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

साक्षीदारांच्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीचं कारण साधं आहे. शेवटच्या रकान्यात टॅब मारला की वर्ड नवी ओळ जोडतं. हातानं काम करताना ही सोय वाटते, मॅक्रोत मात्र तीच घात करते. म्हणून टॅबच्या जागी हे लिहा :

इफ सिलेक्शन.इन्फर्मेशन(१२) देन
इफ सिलेक्शन.सेल्स(१).नेक्स्ट इज नथिंग देन
सिलेक्शन.टेबल्स(१).सिलेक्ट
सिलेक्शन.कोलॅप्स ०
एल्स
सिलेक्शन.मूव्हराइट १२
एंड इफ
एल्स
सिलेक्शन.टाइपटेक्स्ट व्हीबीटॅब
एंड इफ

वाचून बघा. तक्त्यात आहेस का? असशील तर या रकान्यापुढं आणखी रकाना आहे का? नसेल तर अख्खा तक्ता धरून त्याच्या खाली उतर. असेल तर पुढच्या रकान्यात जा. तक्त्यातच नसशील तर साधा टॅब टाक. मूव्हराइटपुढचा १२ आणि इन्फर्मेशनमधला १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिला ‘एक रकाना पुढं’ सांगतो, दुसरा ‘तक्त्यात आहे का’ विचारतो. आकडा एकच निघाला हा योगायोग, आणि वर्गात मुली इथंच हमखास गोंधळतात.

शेवटचा रकाना ओळखायला ओळीचा आणि रकान्याचा आकडा मोजूनही चालतं, पण तुमच्यासाठी मी ती वाट मुद्दाम टाळली. चतुःसीमेच्या तक्त्यात बहुतेक जण खालची ओळ जोडून एकच लांब रकाना करतात आणि त्यात क्षेत्रफळाचा तपशील लिहितात. तसं असेल तर त्या ओळीत रकाना एक आणि तक्त्यात रकाने चार, मग हिशेब जुळत नाही. ‘पुढं कुणी आहे का’ हा प्रश्न जोडलेल्या रकान्यांतही चालतो.

आता वर्ड अडकतं त्याबद्दल. तुमच्या मैत्रिणीनं मनापासून मदत केली आहे आणि तिची चूक अगदी एका आकड्याची आहे. ती नीट समजून घ्या, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि शिकवताना दरवर्षी बघते आहे. वर्डच्या प्रत्येक फाईलच्या शेवटी एक परिच्छेदखूण असते, ती कधीच पुसता येत नाही. कर्सर तिच्या अलीकडं थांबतो, पलीकडं जाऊ शकत नाही. समजा तुमचा करार १२०० अक्षरांचा आहे, तर कंटेंट.एंड १२०० येईल. पण कर्सर जास्तीत जास्त ११९९ वर पोचेल. ‘कर्सर १२०० पेक्षा कमी आहे तोवर चालू ठेव’ असं सांगितलं, तर तो ११९९ वर उभा राहून कायमचा चालूच राहणार. म्हणून ओळ अशी हवी :

डू व्हाइल सिलेक्शन.एंड < ॲक्टिव्हडॉक्युमेंट.कंटेंट.एंड - १

एवढा उणे १ घातला की फेरा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, थांबतो. मात्र टिंबटिंब शोधताना आणखी एक खोच आहे. रेकॉर्डरनं लिहिलेल्या शोधाच्या भागात ‘रॅप’ची एक ओळ असते आणि तिथं बहुधा ‘डब्ल्यूडीफाइंडकंटिन्यू’ असतं. त्याचा अर्थ, फाईल संपली की पुन्हा वरून सुरू कर. मग कर्सर शेवटाकडं सरकून परत वर येतो आणि फेरा पुन्हा संपत नाही. तिथं ‘डब्ल्यूडीफाइंडस्टॉप’ करा. फेऱ्याची अटच ‘डू व्हाइल सिलेक्शन.फाइंड.एक्झिक्यूट’ अशी ठेवली तर आणखी बरं. सापडलं तर ट्रू, नाही सापडलं तर फॉल्स, आणि फॉल्स आलं की फेरा आपोआप बंद. एवढं करूनही कधी अडकलंच तर वर्ड बंद करू नका, कंट्रोल आणि ब्रेक दाबा. मॅक्रो थांबतो आणि टाईप केलेलं काम वाचतं.

या दोन दुरुस्त्यांनी तुमचं काम भागेल. पण तुम्ही लोकांचे व्यवहाराचे कागद करता, म्हणून आणखी दोन तपासण्या सांगते. त्या मॅक्रोच्या अगदी पहिल्या ओळींत बसवा.

पहिली : काही मजकूर निवडलेला तर नाही ना? निवडलेल्या मजकुरावर टाइपटेक्स्ट चालवलं की जुना मजकूर जातो आणि नवा येतो. खरेदीखतातला गट क्रमांक असा नकळत पुसला गेला तर तो चुकीचा कागद थेट नोंदणीला जाईल. सिलेक्शन.स्टार्ट आणि सिलेक्शन.एंड सारखे असतील तर तिथं नुसता कर्सर आहे. वेगळे असतील तर काहीतरी निवडलेलं आहे. तसं असेल तर एक्झिट सब, म्हणजे मॅक्रो तिथंच थांबव.

दुसरी : कर्सर मुख्य मजकुरात आहे का? हे माझ्याच चुकीवरून शिकले, म्हणून सविस्तर सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयाचं लाभार्थ्यांच्या याद्यांचं काम माझ्याकडं आलं होतं. गावागणिक एक तक्ता, असे चाळीसच्या वर तक्ते. प्रत्येक तक्त्याखाली ‘एकूण’ची ओळ घालणारा मॅक्रो मी लिहिला. संध्याकाळी लाईट गेली ती रात्री दहाला आली. आल्या आल्या मी वरच्या हेडरमध्ये तालुक्याचं नाव दुरुस्त केलं आणि तसाच मॅक्रो चालवून प्रिंट सुरू केली. कर्सर हेडरमध्येच राहिला होता. मॅक्रोनं तक्ते मोजले आणि तेवढ्या वेळा ‘एकूण’ हेडरमध्ये लिहिलं. हेडर प्रत्येक पानावर येतो. प्रिंटर चालू ठेवून मी झोपले होते. सकाळी दीडशे पानं ‘एकूण’नं भरलेली निघाली आणि याद्या न्यायला गावाहून आलेले एक म्हातारे कारकून माझ्यासमोर बसलेले. सगळं नव्यानं छापून होईपर्यंत त्यांची दुपारची एस.टी. गेली. ते एका शब्दानं बोलले नाहीत. मला ते अजून आठवतं.

वर्डमध्ये मुख्य मजकूर, हेडर, फूटर, तळटीप, मजकुराचा चौकोन या सगळ्या वेगवेगळ्या खोल्या आहेत आणि प्रत्येकीची मोजणी आपापल्या शून्यापासून सुरू होते. म्हणजे सिलेक्शन.स्टार्ट शून्य आलं, तर तो शून्य कुठल्या खोलीतला हे त्या आकड्यावरून कळणार नाही. ते सिलेक्शन.स्टोरीटाइप सांगतं. १ आलं तर मुख्य मजकूर, २ तळटीप, ५ मजकुराचा चौकोन, ७ नेहमीचं हेडर, ९ नेहमीचं फूटर. तुमच्या मॅक्रोची पहिली ओळ ही असू द्या :

इफ सिलेक्शन.स्टोरीटाइप <> १ देन एक्झिट सब

शेवटी एक मराठीपुरतं. वर्डच्या मोजणीतलं अक्षर आणि आपलं अक्षर एक नव्हे. ‘चतुःसीमा’ हा तुमचाच शब्द घ्या. कर्सर ‘च’च्या आधी ठेवा, सिलेक्शन.स्टार्टचा आकडा बघा. मग उजव्या बाणाची कळ चारदा दाबा : च, तुः, सी, मा. कर्सर शब्दाच्या शेवटी पोचेल. आता आकडा पुन्हा बघा, आठनं वाढलेला दिसेल. कारण च, त, उकार, विसर्ग, स, दीर्घ वेलांटी, म, काना अशी आठ चिन्हं आत साठवलेली असतात. बाणाची कळ जोडून उभं असलेलं अक्षर ओलांडते. पण मॅक्रोत तुम्ही आकडा सांगून ‘इथं घाल’ म्हटलं, तर तो त आणि उकाराच्या मधेही घालील. मग उकार सुटा पडतो आणि ठिपक्यांच्या गोलाखाली लटकतो. हे टाळायचं तर कर्सरच्या पुढच्या चिन्हाचा क्रमांक एएससीडब्ल्यूनं काढा. देवनागरीची चिन्हं २३०४ ते २४३१ या पट्ट्यात आहेत. पुढचं चिन्ह २३६६ ते २३८१ मधलं असेल तर ते काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा हलन्त आहे. २३०५ ते २३०७ मधलं असेल तर चंद्रबिंदू, अनुस्वार किंवा विसर्ग. आणि मागचं चिन्ह २३८१ असेल तर तुम्ही जोडाक्षराच्या पोटात उभ्या आहात. यातलं काहीही असेल तर एक घर पुढं सरका आणि पुन्हा विचारा.

दुकानातल्या जुन्या फाईली कृतिदेवसारख्या फॉन्टात असतील तर त्यांना हा पट्टा लागू नाही. तिथं पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. उलट याच गोष्टीचा उपयोग करून घ्या : मराठी शब्दातल्या अक्षराचा क्रमांक २३०४ च्या खाली आला (मोकळी जागा, टिंब आणि इंग्रजी आकडे सोडून, ते नेहमीच खाली असतात) की मॅक्रो थांबवायचा आणि ‘ही फाईल जुन्या फॉन्टातली दिसते’ असा निरोप द्यायचा. तो निरोप इंग्रजी अक्षरांत लिहा. त्या खिडकीत देवनागरी टाकलंत तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. मजकुरात एखादं देवनागरी चिन्ह घालायचंच असेल तर सीएचआरडब्ल्यू वापरा. सीएचआरडब्ल्यू(२४०४) म्हणजे दंड, सीएचआरडब्ल्यू(२३४४) म्हणजे न.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घरातले आणि गावातले निजामकाळातले कागद मी वर्डमध्ये उतरवतो आहे. तीन रकान्यांचा तक्ता केला आहे : पहिल्यात अनुक्रम, दुसऱ्यात मोडीचं देवनागरी लिप्यंतर, तिसऱ्यात मूळ उर्दू मजकूर. दर रकान्याला कीबोर्ड बदलावा लागतो आणि विसरलं की उर्दूच्या जागी मराठी पडतं. डोळेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. रकान्याप्रमाणं कीबोर्ड आपोआप बदलेल का?
— एक वाचक, कंधार, जि. नांदेड

उत्तर : गुरुजी, आधी तुम्हाला नमस्कार. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, राज्यकारभार उर्दूत होता आणि घरोघरी मोडी होती. त्या दोन्ही लिप्या वाचणारी माणसं आता गावात एक-दोनच उरली आहेत. तुम्ही करता आहात ते काम फार मोलाचं आहे, म्हणून तुमचा वेळ कळा बदलण्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

होईल, आणि तेही सोप्यात. तक्त्यात टॅब दाबला की वर्ड आतून ‘नेक्स्टसेल’ नावाची आज्ञा चालवतं. आपण नेमक्या त्याच नावाचा मॅक्रो लिहिला तर वर्ड स्वतःची आज्ञा सोडून आपला मॅक्रो चालवतं. म्हणजे वेगळी कळ लक्षात ठेवायची गरज नाही. नेहमीसारखा टॅब दाबा. कोड इंग्रजी अक्षरांत टाईप करायचा, हे वरच्या उत्तरात सांगितलंच आहे.

सब नेक्स्टसेल()
सिलेक्शन.मूव्हराइट १२
सिलेक्ट केस सिलेक्शन.इन्फर्मेशन(१६)
केस २
ॲप्लिकेशन.कीबोर्ड ११०२
केस ३
ॲप्लिकेशन.कीबोर्ड १०५६
केस एल्स
ॲप्लिकेशन.कीबोर्ड १०३३
एंड सिलेक्ट
एंड सब

पहिली ओळ एक रकाना पुढं नेते. मग कर्सरला विचारलं आहे, तू कितव्या रकान्यात आहेस? दुसऱ्यात असेल तर मराठी कीबोर्ड, तिसऱ्यात असेल तर उर्दू, नाहीतर अनुक्रमासाठी इंग्रजी. ११०२, १०५६ आणि १०३३ हे त्या त्या भाषेचे ठरलेले क्रमांक आहेत. तिन्ही कीबोर्ड विंडोजमध्ये आधी जोडलेले असले पाहिजेत. जोडलेले नसतील तर मॅक्रो ते कुठून आणणार?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सरकायचं, मग विचारायचं. उलट केलंत तर मागच्या रकान्याचं उत्तर मिळेल आणि कीबोर्ड एक घर मागं राहील. मागं जायला तुम्ही शिफ्ट-टॅब वापरत असाल तर ‘प्रिव्हसेल’ नावाचा दुसरा मॅक्रो करा. त्यात मूव्हराइटच्या जागी मूव्हलेफ्ट लिहा, बाकी सगळं तेच. हे तुमच्या त्या एका फाईलपुरतंच ठेवा. संगणकावरच्या सगळ्या फाईलींना लावलंत तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तक्त्यातही उर्दू उमटायला लागेल. माऊसनं रकान्यात क्लिक केलं तर मात्र हा मॅक्रो चालत नाही. त्यालाही उपाय आहे, पण तो बराच लांबचा आहे आणि तुमचं काम टॅबवर चालतं आहे तोवर त्यात शिरू नका.

डोळ्यांचं म्हणालात म्हणून सांगते, वर्डच्या खालच्या पट्टीवर माऊसची उजवी कळ दाबा. तिथं ओळ, स्तंभ (म्हणजे ओळीतलं कितवं अक्षर, तक्त्यातला रकाना नव्हे), पानावरची उंची अशी नावं येतील, त्यांवर खूण करा. तेवढे आकडे मॅक्रोशिवाय सतत समोर दिसत राहतात.

प्रश्न : आमच्याकडे वर्ड नाही, लिबरऑफिस आहे. त्यात सिलेक्शन.इन्फर्मेशन चालत नाही. मग कर्सरचा पान क्रमांक कसा काढायचा?
— एक विद्यार्थी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : लिबरऑफिसच्या रायटरमध्ये कर्सर दोन आहेत, हे आधी पक्कं करा. पडद्यावर लुकलुकतो तो व्ह्यू-कर्सर. त्याला पान, ओळ, पडद्यावरची जागा कळते, पण वाक्य आणि परिच्छेद कळत नाहीत. दुसरा टेक्स्ट-कर्सर, तो दिसत नाही. त्याला शब्द, वाक्य, परिच्छेद कळतात, पण पान कळत नाही. म्हणून कशाबद्दल विचारायचं आहे ते ठरवून कर्सर निवडा.

पान हवं आहे, तर व्ह्यू-कर्सर : व्हीसी = धिसकंपोनंट.करंटकंट्रोलर.गेटव्ह्यूकर्सर(). मग व्हीसी.गेटपेज() लिहिलं की पान क्रमांक मिळतो. व्हीसी.गेटपोझिशन() जागा सांगतं, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. २५०० आलं तर ते २५ मिलिमीटर समजा. ओळीच्या सुरुवातीला आहे का, शेवटाला आहे का, हे इझॲटस्टार्टऑफलाइन आणि इझॲटएंडऑफलाइन सांगतात.

परिच्छेदाचा शेवट तपासायचा असेल तर त्याच जागी टेक्स्ट-कर्सर उभा करायचा : टीसी = व्हीसी.टेक्स्ट.क्रिएटटेक्स्टकर्सरबायरेंज(व्हीसी), आणि मग टीसी.इझएंडऑफपॅरग्राफ(). तक्त्यासाठी इझएम्प्टी(व्हीसी.टेक्स्टटेबल) तपासा. ट्रू आलं तर कर्सर तक्त्याबाहेर आहे. फॉल्स आलं तर व्हीसी.सेल.सेलनेम विचारा, ‘बी३’ असं उत्तर येईल, म्हणजे दुसरा रकाना, तिसरी ओळ. वर्डपेक्षा हे मला जास्त आवडतं. एका शब्दात दोन्ही गोष्टी कळतात आणि मुलांना लगेच समजतं.

प्रश्न : मी घरी केलेला मॅक्रो पेनड्राइव्हवरून शाळेतल्या संगणकावर नेला, तर फाईल उघडली पण मॅक्रोच नव्हता.
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : फाईल डॉक्स प्रकारात ठेवली असेल. त्या प्रकारात मॅक्रो राहत नाही, सेव्ह करतानाच गळून पडतो. सेव्ह ॲजमध्ये जाऊन ‘डॉकएम’ हा प्रकार निवडा आणि पुन्हा नेऊन बघा. मॅक्रो नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डच्या सगळ्या फाईलींना लागू होणाऱ्या साच्यात) लिहिला असेल तर तो तुमच्या घरच्या संगणकावरच राहिला आहे. मॅक्रोच्या खिडकीतून तो मजकूर उचलून फाईलच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या पानावर, चिकटवा, मग डॉकएम करा. तीच फाईल पुढं कधी ईमेलनं पाठवलीत तर वर्ड मॅक्रो अडवेल. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींना ते असं करतं. फाईलवर उजवी कळ, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर खूण. हे फक्त स्वतःच्या फाईलीला करा. दुसऱ्या कुणी पाठवलेल्या मॅक्रोच्या फाईलीला विचारपूस केल्याशिवाय मुळीच करू नका.